काठीचे दुसरे टोक

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजारात एक दृश्य हमखास दिसते. पुढे आठ-दहा वर्षांचा नातू, मागे दृष्टी गेलेले आजोबा आणि दोघांच्या मध्ये एक काठी. बँक असो, दवाखाना असो की शेगावचे दर्शन, काठीचे दुसरे टोक नातवाच्याच हातात. त्या दिवशी त्याची शाळा बुडते, हे मात्र कुणी मोजत नाही.

परदेशात हे काम प्रशिक्षित श्वान करतात. त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात आणि ‘आपल्याकडे असे का नाही?’ असा प्रश्न विचारला जातो. पहिल्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे अशी पहिली शाळा निघाली. श्वान रस्ता शोधून देतो, हा मात्र गैरसमज आहे. कुठे वळायचे हे माणूसच ठरवतो. श्वान खड्डा, पायरी, खांब टाळतो आणि वाहन येत असेल तर हुकूम होऊनही हलत नाही. म्हणजे श्वान हाती येण्याआधी माणसाला दिशेचे भान आणि काठीने चालणे यावेच लागते.

एक श्वान तयार व्हायला सुमारे दोन वर्षे लागतात. भारतात असे श्वान अगदी मोजके आहेत. शिवाय आपल्या गल्लीबोळांतील मोकाट कुत्री त्याला शांतपणे चालू देणार नाहीत. त्यामुळे श्वानाची वाट पाहण्यापेक्षा पांढऱ्या काठीचे प्रशिक्षण गावापर्यंत नेणे अधिक शहाणपणाचे.

त्याआधी एक तपासणी आवश्यक आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा आहे. ‘वयामुळे दिसत नाही’ म्हणून घरात बसवलेल्या अनेकांना शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दिसू शकते.

ज्यांची दृष्टी परत येणार नाही, त्यांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळते, कधी शिबिरात काठीही मिळते. पण ती वापरायची कशी, हे बहुतेकांना कुणी शिकवत नाही. काठी साधारण छातीच्या मध्यापर्यंत उंच हवी. उजवे पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे, डावे पडताना उजवीकडे टेकवायचे. म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेनेच या प्रशिक्षणाची तारीखही द्यायला हवी. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा राज्याचा नियम आहे. त्यातून चार-पाच गावांनी मिळून एक प्रशिक्षक बोलावणे अशक्य नाही.

गावकऱ्यांनाही थोडे शिकावे लागेल. अंध व्यक्तीला किंवा तिच्या काठीला धरून ओढू नये. आधी विचारावे, मग आपला हात पुढे करावा. ती कोपराच्या वर धरून अर्धे पाऊल मागे चालते. ‘इकडे, तिकडे’ न म्हणता ‘डावीकडे, दोन पायऱ्या खाली’ असे सांगावे. निघताना ‘मी जातो’ एवढे बोलावे. नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या जागेशी बोलत राहते. एसटी स्थानकावर फलक न दिसणाऱ्याला गाडी कुठली हे न विचारता सांगणारा वाहक, ओट्यासमोरची मोटारसायकल बाजूला घेणारा दुकानदार, हेही आधारच आहेत.

आजोबांना काठी नीट वापरता आली आणि रस्त्यावर चार माणसे जाणती असली, तर ते बाजाराला एकटे जातील. नातू शाळेत असेल.