जुनाच सर्व्हर हवा!

सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी आज बंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. रात्री अकराला आईचा फोन गेला की तिकडून उत्तर येतं, ‘सर्व्हर बसवतोय गं, नंतर बोलतो.’ सर्व्हर बसवतात म्हणजे काय, हे आईला ठाऊक नसतं. त्यातून लेक नवा सोडून दहा वर्षांपूर्वीचा सर्व्हर बसवतोय असं कळलं, तर ती आणखीच चक्रावेल. नवं फुकट मिळत असताना जुनं कशाला?

वेब सर्व्हर म्हणजे इंटरनेटवरचा खिडकीवरचा कारकून. कुणी पान मागितलं की आत जाऊन ते काढायचं आणि हातात द्यायचं. या कारकुनांतला सर्वांत गाजलेला म्हणजे ‘अपाची’. त्याचा जन्मच ठिगळांतून झाला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल यांनी एक सर्व्हर लिहिला होता. १९९४ मध्ये ते संस्था सोडून गेले आणि काम थंडावलं. मग तो वापरणारेच एकमेकांना दुरुस्तीचे तुकडे, म्हणजे ‘पॅच’, पाठवू लागले. आजीच्या गोधडीसारखे ते तुकडे जोडून १९९५ मध्ये अपाची तयार झाला आणि वर्षभरातच तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर ठरला. नाव अमेरिकेतल्या अपाची जमातीवरून घेतलं, असं संस्था सांगते. ‘अ पॅची सर्व्हर’ ही कोटी मात्र लोकांनी सोडली नाही.

आपल्याकडे लिनक्स घरोघरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवण्यात बंगळुरूच्या एका माणसाचा मोठा वाटा होता. त्यांचं आडनाव मराठी वाचकाला परकं वाटणार नाही. अतुल चिटणीस जन्मले १९६२ मध्ये बर्लिनला, इंजिनिअर झाले बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमधून आणि रमले बंगळुरूत. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना दिली, त्यामागे तेच होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट येऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. मोडेमवरून एवढा ऐवज उतरवायचा तर फोनच्या बिलानेच घर बुडालं असतं. २००१ मध्ये बंगळुरूत ‘लिनक्स बंगलोर’ हा मेळावा सुरू झाला, तोच पुढे ‘फॉस डॉट इन’ म्हणून ओळखला गेला. ३ जून २०१३ रोजी चिटणीस गेले. आज बंगळुरूत रात्री जागणाऱ्या कित्येकांना लिनक्सची पहिली ओळख अशाच एखाद्या सीडीने झालेली असते.

तर, जुना सर्व्हर कशाला? कारण बहुधा त्याच्या पाठीमागे असतं. एखाद्या पतसंस्थेचा हिशेब किंवा शाळेच्या गुणपत्रिका पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतात. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. अपाची २.२ साठी मांडलेल्या सूचना २.४ ला जशाच्या तशा मानवत नाहीत. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, हे लिहायची रीतच बदलली. त्या वेळचा पीएचपी ५ मधला कोड पीएचपी ७ वर अडतो, कारण डेटाबेसशी बोलायची जुनी पद्धत तिथे काढून टाकली आहे. सगळं नव्याने लिहायला पैसा नाही, आणि गुणपत्रिका तर सोमवारी हव्यात.

लिनक्सवर एरवी एका आज्ञेत सर्व्हर बसतो, पण तो त्या लिनक्सने ठरवलेल्या आवृत्तीचा. विशिष्ट जुनी आवृत्ती हवी तर अपाचीच्या जुन्या दफ्तरातून मूळ कोड उतरवून घ्यावा लागतो. तिथे जुन्या आवृत्त्या जपलेल्या आहेत. भलत्याच ठिकाणाहून तो कधीच घेऊ नये, आणि सोबतची डिजिटल सही पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक इन्स्टॉल’ या तीन पायऱ्या. पहिलीच्या वेळी सर्व्हरला स्वतंत्र फोल्डर नेमून द्यायचं, म्हणजे आधीच्या सर्व्हरशी सरमिसळ होत नाही. ८० क्रमांकाच्या पोर्टवर नवा बसलेला असेल तर जुन्याला ८०८० द्यायचं, कारण एका खिडकीवर दोन कारकून बसत नाहीत. सांगायला सोपं आहे; रात्र जाते ती जुळवाजुळवीत. २.२ चा कोड नव्या ओपनएसएसएलशी जुळतच नाही, तेव्हा तीही जुनीच शोधा!

खरी भीती पुढेच आहे. २.२ ची शेवटची आवृत्ती जुलै २०१७ मध्ये निघाली. त्यानंतर सापडलेल्या भोकांना ठिगळ लावणारं कुणी नाही. मग नवं तेवढं सुरक्षित म्हणावं, तर २०२१ ची गंमत पाहा. सप्टेंबरमध्ये २.४.४९ आली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच कळलं, की तिच्यातल्या चुकीमुळे परक्याला आतल्या फायलींपर्यंत पोचता येतं. घाईने २.४.५० काढली, तीही अपुरी पडली. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आली तेव्हा हायसं वाटलं. ज्यांनी मधल्या काळात अपडेट केलंच नव्हतं, त्यांना या दोषाची बाधा झाली नाही. पण त्या आळशांनी हुरळून जाऊ नये. त्याच २.४.४९ ने आधीच्या आवृत्त्यांमधला दुसरा एक गंभीर दोष दूर केला होता, तो त्यांच्याकडे तसाच राहिला.

म्हणून जाणकार आधी लिनक्सच्या पेटाऱ्यातच पाहतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये आवृत्तीचा आकडा शेवटपर्यंत २.४.६ असा जुनाच दिसायचा, सुरक्षेची ठिगळं मात्र आतून लावलेली असत. तेही जमत नसेल आणि अगदी २.२ च हवा असेल, तर त्याला इंटरनेटच्या रस्त्यावर उभं करत नाहीत. दारात नवा सर्व्हर बसतो, येणाऱ्याला तोच भेटतो. तो मागणी आतल्या खोलीत जुन्याकडे पाठवतो आणि उत्तर घेऊन परत येतो. जुन्याचं दार फक्त त्याच मशीनपुरतं उघडं ठेवलेलं असतं. पहाटे तीनला पहिली गुणपत्रिका पडद्यावर उमटली, की बंगळुरूचा मुलगा नवीन प्रोग्रॅमसाठी पैसे मागणारं पत्र लिहायला घेतो.