मार्गदर्शन कीं मालकाची ढाल?

ब्रिटनमधील एका विश्वविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या, आमच्या परिचयाच्या एका विदुषींनीं आम्हांस कांहीं छापील पृष्ठें वाचावयास दिलीं. परदेशांतून नेमलेल्या अध्यापकांनीं व्हिसाच्या बाबतींत कसें वागावें, याविषयीं तेथील कचेरीनें काढलेलें तें 'मार्गदर्शन' होतें. बाईंचा प्रश्न साधा होता. संशोधनासाठीं त्यांस कोंकणच्या मच्छीमार वस्त्यांतून सात महिने राहावयाचें होतें. तसें केल्यानें पुढें कायम वास्तव्याचा हक्क बुडेल काय? सर्व पृष्ठें चाळून त्यांस उत्तर मिळालें नाहीं; आम्हांसही मिळालें नाहीं. मात्र तीं पृष्ठें कोणासाठीं लिहिलेलीं आहेत, हें आम्हांस पुरतें कळलें.

ब्रिटनमध्यें 1 डिसेंबर 2020 पासून 'स्किल्ड वर्कर' नांवाचा व्हिसा चालू आहे. त्यांत परदेशी नोकराचा जामीनदार त्याचा मालकच असतो. विश्वविद्यालयानें सरकारचा परवाना घ्यावयाचा, नेमलेल्या माणसास जामिनाचें प्रमाणपत्र द्यावयाचें, आणि पुढें त्याच्यावर नजर ठेवावयाची. तो परवानगीवांचून लागोपाठ दहांहून अधिक कामाचे दिवस गैरहजर राहिला तर गृहखात्यास कळवावयाचें. नोकरी सुटली तरी कळवावयाचें. यांत कसूर झाल्यास परवाना जाण्याची भीति. ही धास्ती आम्ही समजूं शकतों. पण त्या धास्तीचा कागद नोकराच्या हातीं देऊन त्यास 'मार्गदर्शन' म्हणणें ही निव्वळ फसवणूक आहे. पत्ता बदलल्यास कळवा, पारपत्र दाखवा, रजेपूर्वीं विचारा. सर्व क्रियापदें आज्ञार्थीं! आणि शेवटीं बारीक अक्षरांत: हा कायद्याचा सल्ला नव्हे, सल्ल्यासाठीं वकील गांठावा.

या हात झटकण्यास 1999 च्या कायद्याचा आधार सांगण्यांत येतो. अर्हता नसलेल्या माणसानें परदेशी नागरिकांस असा सल्ला देणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे, हें खरेंच. परंतु आपल्या नोकरांस फुकट सल्ला देणाऱ्या मालकांस कांहीं मर्यादेंत सूट देणारा हुकूम 2003 सालींच निघाला होता. आणि अर्हता असलेला वकील पदरीं ठेवण्यास तर कोणत्याच कायद्याची मनाई नाहीं. इमारतींस पैसा मिळतो, जाहिरातींस मिळतो. वकिलासच तेवढा मिळत नाहीं.

आतां बाईंच्या प्रश्नाकडे वळूं. कायम वास्तव्य मागणारानें कोणत्याही बारा महिन्यांत 180 दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहूं नये, असा नियम आहे. तेवढें वाक्य त्या पृष्ठांत ठळक छापलेलें आहे. पण सरकारच्याच नियमांत त्यापुढें एक अपवाद आहे. विश्वविद्यालयीन अध्यापकासारख्या ठराविक पेशांतील माणूस या व्हिसावर असतांना जामीनदाराच्या संमतीनें संशोधनासाठीं बाहेर राहिला, तर ते दिवस त्या मोजणींत धरावयाचे नाहींत. म्हणजे बाईंचे सात महिने सुरक्षित होऊं शकत होते. त्यासाठीं विश्वविद्यालयानें एका संमतिपत्रावर सही करावयास हवी होती. बंधन छापावें आणि मोकळीक गाळावी, यास अनवधान म्हणण्याइतके उदार आम्ही नाहीं. 2018 सालीं निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावरून तेथील अध्यापकांनीं संप केला, तेव्हांही असेंच झालें. संपाचे दिवस बिनपगारी गैरहजेरींत धरले जाऊन व्हिसा धोक्यांत येईल काय, या चिंतेनें परदेशी अध्यापक ग्रासले होते. कायदेशीर संपाचे दिवस त्यांच्याविरुद्ध धरले जाणार नाहींत, असें सरकारनें त्या वर्षाच्या जुलैंत जाहीर केलें. तोंवर संप संपून कित्येक महिने लोटले होते.

पैशाविषयीं तर बोलावयासच नको. पण बोलूं. सरकारी रुग्णसेवेच्या नांवाखालीं घेण्यांत येणारा अधिभार 2015 सालीं वर्षास 200 पौंड होता. फेब्रुवारी 2024 पासून तो 1,035 पौंड झाला, मुलांस 776. नवरा, बायको व दोन मुलें यांचा पांच वर्षांचा आंकडा 18,110 पौंड होतो, आणि तो अर्जाबरोबर एकरकमी भरावयाचा. जुलै 2025 मध्यें या व्हिसासाठीं ठरलेलें सर्वसाधारण किमान वेतन वर्षास 41,700 पौंड होतें. म्हणजे एका वर्षाच्या वेतनांतील रुपयामागें सुमारें सात आणे पाऊल ठेवण्यापूर्वींच गेले. शिवाय तोच माणूस पुढें दर महिन्यास कर भरतो, तो निराळा! ज्यास परवडत नाहीं त्यानें जाऊं नये, असें कोणी म्हणेल. परंतु जाहिरात देऊन, मुलाखत घेऊन, निवडून बोलावणारें विश्वविद्यालयच आहे. पाहुण्यास जेवावयास बोलावून पाटाचें भाडें मागण्याची चाल आमच्याकडे नाहीं.

नोकरी सुटल्यावर व्हिसा सामान्यतः 60 दिवसांवर आणला जातो, त्याविषयीं त्या पृष्ठांत अवघी एक ओळ आहे. घर सोडणें, मुलांच्या शाळा, नवा जामीनदार शोधणें, यांविषयीं अक्षर नाहीं.

बाईंनीं अखेर आपलें क्षेत्रकार्य पांच महिन्यांवर आणलें. पावसाळ्यांत नावा किनाऱ्यास ओढलेल्या असतात आणि मच्छीमार घरीं सांपडतात. नेमके तेच दोन महिने त्यांनीं सोडून दिले.