अज्ञान मुलगा, सज्ञान पालक

19 मे 2024 रोजी उत्तररात्री पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, आणि ती चालविण्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलास बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह, जामीन दिला. त्यावर महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला तो अनाठायी होता असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्या मुलास सज्ञान समजून त्याच्यावर मुकदमा चालवावा ही जी मागणी त्या क्षोभातून निघाली, तिच्यामागे तितकाच विचार होता असेही म्हणवत नाही.

बालगुन्हेगारास प्रौढांच्या तुरुंगापासून दूर ठेवावे हा विचार कालचा नव्हे. मुंबई इलाख्याने त्यासाठी 1924 सालीच कायदा केला होता. पुढे 1986 च्या कायद्याने मुलग्यांकरिता सोळा वर्षांची मर्यादा घातली, 2000 साली ती अठरावर गेली, आणि दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या अमानुष अत्याचारातील अल्पवयीन आरोपी तीन वर्षांची मुदत संपवून सुटला, त्यानंतर दोनच दिवसांत राज्यसभेने नवे विधेयक मंजूर करून सोळा ते अठरा वयाच्या मुलांना निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटल्यास उभे करण्याची वाट मोकळी केली. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठरावयाची गोष्ट अशी दोन दिवसांच्या संतापाने निकालात निघाली, हे मला आजही खटकते. शिवाय ‘निर्घृण’ गुन्हा म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा खुलासा आहे, आणि सदोष मनुष्यवधास तशी किमान शिक्षाच नाही. पुण्यातील मुलास प्रौढ मानण्याचा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळला, याचे ज्यांना आश्चर्य वाटले त्यांनी कायदा वाचलेला नव्हता.

निबंधाची थट्टा पुष्कळ झाली (आणि ती अट थट्टेस पात्र होतीच). पण या प्रकरणातील खरी भयंकर बाब, मद्यप्राशन लपविण्यासाठी त्या मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, ही सर्वस्वी सज्ञान माणसांची करणी आहे, त्यापायी डॉक्टर आणि मुलाचे आईबाप गजाआड गेले, आणि तरीही आपल्या जिभेवर राहिले ते त्या मुलाचे वय. उलट बाजारात खिसा मारताना सापडलेल्या, ज्याच्या घरी जन्माचा दाखला बहुधा नसतोच अशा पोरास जमाव बडवितो, तेव्हा त्याचे वय कोणी विचारीत नाही, आणि त्याच्यासाठी रातोरात वकील उभा करणारेही कोणी नसते. बाल्याची सवलत कायद्याने सर्वांना सारखी दिली आहे. तिचा उपभोग घेण्याची ऐपत मात्र सारखी नाही, आणि आपला रोष या विषमतेवर असावयास हवा होता, सवलतीवर नव्हे.

वयोमर्यादा खाली आणण्याची मागणी करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेले कलम 199-अ आधी पाहावे: अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. सरकारकडे काही मागावयाचेच असेल तर या कलमाची अंमलबजावणी मागावी.