निबंध पुरे, आता पाठ घ्या

परिषदांचा हंगाम आला की विधी महाविद्यालयांची माहितीपत्रके येऊ लागतात. ‘नवे फौजदारी कायदे : संधी आणि आव्हाने’ हा मथळा आता डोळे मिटूनही वाचता येतो. पुढचा क्रमही ठरलेला. उद्घाटन लांबते, बीजभाषण जेवणाच्या वेळेत घुसते आणि शोधनिबंधाच्या दहा मिनिटांची चार होतात. प्रश्नोत्तरांवर काट बसते, प्रमाणपत्र मात्र कुणाचेच चुकत नाही. पदोन्नतीच्या गुणांकनात निबंधवाचनाला गुण आहेत. तास किती घेतले तेही मोजले जाते, पण कसे घेतले हे कुणी विचारत नाही. मग तासिका तत्त्वावरचा सहकारीही पदरमोड करून नोंदणी शुल्क भरतो. त्याला दोष कसा द्यायचा?

दोष परिषदेच्या रचनेत आहे. कायदा शिकवणाऱ्यांच्या मेळाव्यात ‘शिकवणे’ हाच विषय नसतो, आणि आज त्याची निकड कधी नव्हे इतकी आहे.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी आता ३५८ कलमे आहेत. खून ३०२ वरून १०३ वर गेला, आणि नव्या संहितेचे ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उच्चारांबद्दल आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुनीच दंड संहिता लागू राहते. म्हणजे नव्या संहितेवर परीक्षा देऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिलेच वकीलपत्र जुन्या ३०२ चे येऊ शकते. दोन्ही संहिता एकाच सत्रात कशा बसवायच्या? तुलनात्मक तक्ता पाठ करून घेतला की झाले, असे कुणी समजू नये.

साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ घ्या. जुन्या ६५-ब चा हा वारसदार. २०२० च्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल निकालाचा उल्लेख आपण सगळेच करतो, पण तो उलगडून किती जण दाखवतात? वाद जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला का, हे निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचे होते, आणि मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देईनात. मूळ उपकरण न्यायालयात आणून मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रतीसाठी मात्र ते हवेच, आणि संबंधित माणूस देत नसेल तर न्यायालयाकडे दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : ‘अ’ पक्षकाराचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. त्यात हॅश मूल्यही नोंदवायचे.

किराणा दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर आले आहे असे समजा. ‘अ’ भागावर सही कुणाची? तालुक्याच्या ठिकाणी ‘ब’ भागासाठी तज्ज्ञ कुठून आणायचा? हॅश कधी काढायचा? पंचनाम्यात काय लिहायचे? मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणत्या शब्दांत सांगायचे? पंचेचाळीस मिनिटांचा पाठ इथे तयार आहे.

आमची सूचना साधी आहे. परिषदेचे निदान एक पूर्ण सत्र पाठासाठी राखावे. एका प्राध्यापकाने प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर एक कलम शिकवावे, इतरांनी मागच्या बाकांवर बसून टिपणे काढावीत आणि नंतर तासभर चिकित्सा व्हावी. सोबत सत्र न्यायालयातला एखादा सरकारी वकील बसवावा. पूर्णवेळ वेतनी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. न्यायालयात प्रमाणपत्र कुठे अडते हे आपल्याला ऐकीवच माहीत असते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखनापासून अभिरूप न्यायालयापर्यंत चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले, पण ते शिकवायचे कसे याची उजळणी कुठे होते?

चारचौघांसमोर शिकवायला संकोच वाटेल, हे खरे. पण विद्यार्थ्याला अभिरूप न्यायालयात उभे करून त्याची उलटतपासणी घेताना आपण त्याचा संकोच कुठे पाहतो? यंदाच्या आयोजकांनी दहा निबंध कमी घ्यावेत आणि एक पाठ ठेवावा. त्या पाठाचे टिपण आणि त्यावरची टीका, दोन्ही आम्ही या मासिकात निबंधाच्या बरोबरीने छापू.