बिल कुणाच्या नावाचं?

कॅमेरा घेणं ही आता नुसती हौस राहिलेली नाही, निदान आमच्या मालवण किनाऱ्यावर तरी नाही. तारकर्ली-देवबागला लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्या बायकांना खोल्यांचे, जेवणाच्या ताटाचे नीटस फोटो हवे असतात. डोहाळजेवण, बारसं, हळद अशा कार्यक्रमांत तर फोटो काढणारी बाई असली की सगळ्याच जणी मोकळ्या होतात. घरच्यापुरता मोबाइल चालतो हो, पण पैसे घेऊन काम करायचं तर मांडवातल्या अपुऱ्या उजेडात तो पुरा पडत नाही. म्हणून मालवण, कुडाळ, कणकवलीकडच्या मुली आता कॅमेरे घेऊ लागल्या आहेत आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

काळजी वाटते ती खरेदीच्या पद्धतीची. पैसे तिचे, बचत गटाचं कर्ज तिच्या डोक्यावर, पण खरेदी करतो मुंबईचा मामेभाऊ. गणपतीला येताना तो कॅमेरा घेऊन येतो आणि ‘तुझे दहा हजार वाचवले’ असं ऐटीत सांगतो. तिने बिल मागितलं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, ‘गो, आपलोच माणूस तो, बिल कित्याक व्हया?’ मग ऐन तुळशीच्या लग्नानंतर, हंगामाच्या तोंडावर कॅमेरा बंद पडतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर बिल मागतं आणि दुकानदार ओळख दाखवत नाही. भावाची दानत वाईट नसते. पण दानतीवर वॉरंटी मिळत नाही.

मला नवल वाटतं ते हे, की मासळीबाजारात कल्ले उघडून बघितल्याशिवाय बांगडा न घेणारी बाई पन्नास हजारांच्या खोक्यावरचा कागदसुद्धा वाचत नाही. ‘यातलं आपल्याला काय कळतं’ असं म्हणून मोकळी होते. अगं, कॅमेऱ्यातलं कळायला वेळ लागेल, पण व्यवहारातलं तर तुला आधीपासूनच कळतं!

‘दहा हजार वाचवले’ म्हणजे नेमकं काय झालं, तेही समजून घेऊ. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे पन्नास हजारांच्या पक्क्या बिलात साधारण साडेसात हजार रुपये कराचे असतात. बिलाशिवाय माल देणारा ‘सूट’ म्हणून बहुतेकदा हेच पैसे दाखवतो. काही वेळा तो माल दुसऱ्या देशासाठी बनलेला आणि आडमार्गाने आलेला असतो. वस्तू खरी असते, पण तिला भारतातली वॉरंटी नसते. एकदा दुरुस्ती निघाली की वाचवलेले पैसे व्याजासकट जातात.

आता तपासायचं काय? आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी, असा आपल्याकडे नियम आहे. तो कागद नसेल तर तिथेच थांबावं. खोक्यावरचा, कॅमेऱ्यावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक हवा. अधिकृत विक्रेत्यांची यादी कंपन्यांच्या संकेतस्थळावर असते, ती मुंबईला निघण्याआधी बघावी. फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत, तिथे दोन-चार ठिकाणी भाव विचारायला लाजू नये. मात्र भाव विचारताना ‘बिलासकट, वॉरंटीसकट किती?’ असंच विचारावं. सोबत बॅग, स्टँड, कार्ड ‘फुकट’ मिळत असेल तर त्यांच्याशिवाय किंमत किती, तेही विचारावं. फुकटातलं कार्ड पूर्ण भरून बघावं. खोक्यावर १२८ जीबी लिहिलेलं असतं आणि आत त्याच्या निम्मंही मावत नाही, असली नकली कार्डं बाजारात असतात.

घरबसल्या मागवत असाल तर मोठ्या कंपनीचं नाव बघून भुलू नका. तिथे विकणारा अनेकदा तिसराच असतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या विक्रेत्याचं नाव-पत्ता तुम्हाला दिसलाच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, पुढे तोच पुरावा होतो.

जुना कॅमेरा घेण्यात काही कमीपणा नाही. कंपन्या मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर आता स्वस्तात मिळतात. फक्त शटर किती वेळा उघडलंय तो आकडा विचारा. आणि लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून आरपार बघा. आपल्या दमट, खाऱ्या हवेत लेन्सला बुरशी फार लवकर धरते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती लेन्स घेऊ नका, मग भाव कितीही पडलेला असो. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पापडाच्या डब्याची काळजी घेणाऱ्यांना हे शिकवायला नको.

एवढं करूनही फसलात, तर? ‘कोण कोर्टाच्या पायऱ्या चढणार’ असं म्हणून गप्प बसू नका. पूर्वी दुकान मुंबईचं असलं की तक्रारीलाही बहुधा मुंबईच गाठावी लागे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ते बदललं. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला आणि आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा, मराठीतही बोलता येतं. ‘धंद्यासाठी घेतलाय म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी दरडावलं तर त्यालाही उत्तर आहे. स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी खरेदी मानत नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी बिल आहे आणि त्यावरचं नाव आहे. घरच्यांच्या नावाच्या बिलावर वापरणारीलाही हक्क सांगता येतो, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. कर्जासाठी बँक सहसा दुकानाचं कोटेशन मागते, तेही तुमच्या नावाचंच हवं. विमा काढायचा, उद्या कॅमेरा विकायचा, तर प्रश्न पहिला हाच येतो, की वस्तू कुणाची?

होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३चा. मुंबईत काम सुरू केलं तेव्हा त्यांची सुरुवातीची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळालं, त्यांच्या स्वतःच्या नावाने. काम बाईचं आणि नाव दुसऱ्याचं ही रीत तेव्हा चालून गेली. आज ती आपणच चालू ठेवायची का?

भावाला जरूर सोबत न्या. त्याला चार गोष्टी ठाऊक असतील, त्या ऐका. भाव तोही करू दे. पण पैसे देताना काउंटरपुढे तुम्ही उभ्या राहा आणि दुकानदाराने ‘बिल कुणाच्या नावाने करू?’ असं विचारलं, की स्वतःचं नाव आडनावासकट, स्पष्ट सांगा.