दुसऱ्या भागाचे धाडस
भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये, म्हणजे खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन त्याचे सामर्थ्य हळूहळू वाढवत नेतो अशा खेळात, दुसऱ्या भागाची खरी कसोटी नव्या कथेपेक्षा सामर्थ्यवाढीच्या नियमात लागते. जपानच्या स्क्वेअर कंपनीने 1987 मध्ये काढलेल्या ‘फायनल फँटसी’त शत्रू हरवला की अनुभवगुण मिळत आणि ते पुरेसे साठले की पात्र पुढच्या पातळीवर, म्हणजे ‘लेव्हल’वर, चढे; वर्षभराने आलेल्या दुसऱ्या भागात रचनाकार अकितोशी कावाझू यांनी ही शिडीच काढून टाकली आणि तालमीत ज्या अंगाला मेहनत तेच अंग कमावले जाते तसा न्याय लावला: तलवार चालवणाऱ्याचा त्या शस्त्रावर हात बसे, वापरात राहणारा मंत्र प्रखर होई आणि मार खाणाऱ्याची प्राणशक्ती वाढे. या शेवटच्या नियमामुळे खेळाडू आपल्याच सोबत्यांवर वार करून त्यांना दणकट करू लागले, ही त्या रचनेतली उघड फट होती. तरीही पात्र त्याच्या कृतीतूनच घडावे हा विचार फार मोलाचा होता, आणि 1990 च्या तिसऱ्या भागाने पातळ्या परत आणल्या तरी कावाझू यांनी तो ‘सागा’ या आपल्या स्वतंत्र मालिकेत 1989 पासून जिद्दीने पुढे नेला.