नवे कलम विकण्याआधी

पाऊस तोंडावर आला की सिंधुदुर्गातल्या रोपवाटिकांसमोर गाड्या लागतात. आंबा-काजूच्या कलमांबरोबर हल्ली आणखी एक चौकशी हमखास होते : रामबुटान आहे का? मँगोस्टीन मिळेल का? अ‍ॅव्होकॅडो, ड्रॅगन फ्रूट? या चौकशीला नाक मुरडण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाच्या हाती पिशवी देताना आपण त्याला काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, यावर मात्र स्पष्ट बोलायला हवे.

परक्या झाडांचे कोकणाला कधीच वावडे नव्हते. कर्ली नदीकाठच्या वालावलमधले एखादे परडे पाहा. माड, पोफळी, फणस, रातांबा यांच्या जोडीला पपई, पेरू, अननस, चिकू आणि काजू असतो. ही पाचही अमेरिका खंडातली. माडाच्या सावलीत लावतो ते जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचे. आज यांना कोणी पाहुणे म्हणत नाही. पण ती रुजली कशी, याचा हिशेब मांडला तर नव्या फळांबद्दल बरेच कळते.

काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणला. कातळावर, वरकस जमिनीत, पावसाळ्यानंतर पाण्याचा थेंब न मिळताही तो तगला, म्हणून पसरला. पण पुढची सुमारे चारशे वर्षे आपण बियांची रोपेच लावत राहिलो. एक झाड टपोऱ्या बीचे, शेजारचे बारीक बीचे, तिसरे नुसतेच वाढणारे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवड आणि संकर करून वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती दिल्या, मृदकाष्ठ कलमे हाती आली, तेव्हा कुठे काजू हे भरवशाचे पीक झाले. शिवाय आपण बी ठेवली आणि फळ टाकले. ब्राझीलमध्ये बोंडूचा रस घरोघर पितात, गोव्याने फेणी केली. आपल्याकडचे बहुतेक बोंडू आजही झाडाखाली कुजतात.

नीरफणसाची कथा वेगळी. हे पॅसिफिक बेटांवरचे झाड. ताहितीहून त्याची हजारावर रोपे घेऊन निघालेल्या ‘बाउंटी’ जहाजावर एप्रिल १७८९मध्ये बंड झाले आणि रोपे समुद्रात गेली. त्या जहाजाचा कॅप्टन ब्लाय दुसऱ्या खेपेला निघाला आणि १७९३मध्ये त्याने नवी रोपे वेस्ट इंडीजला पोचवली. मळ्यांवरच्या गुलामांचे पोट स्वस्तात भरावे, हा त्यामागचा हेतू. त्या लोकांनी सुरुवातीला त्याला फारसे तोंड लावले नाही, असे सांगतात. मालवणी स्वयंपाकघरात मात्र त्याला आयती जागा मिळाली. सुरण, वांगे, बटाटा यांचे काप आपण करतोच, त्याच तव्यावर रवा लावलेले नीरफणसाचे काप आले. चव जमली, म्हणून दारात झाड आले. तरीही त्याची बाग कुठे दिसत नाही, कारण बिनबियांच्या या झाडाची रोपे मुळांच्या फुटव्यांपासून करावी लागतात आणि ती पुरेशी मिळत नाहीत.

या दोन झाडांवरून तीन कसोट्या निघतात : आपले हवामान सोसते का, खात्रीची कलमे-रोपे मिळतात का, आणि घरात ते फळ खाल्ले जाते का.

आता नव्या फळांना त्या लावू. रामबुटान आणि मँगोस्टीन ही विषुववृत्ताजवळची, बारमाही ओलाव्याची झाडे. आपल्याकडे पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत. नंतरचे सात-आठ महिने त्यांना पाणी आणि लहानपणी सावली द्यावी लागते. ज्याच्या विहिरीचा एप्रिलमध्ये तळ दिसतो, त्याला ही झाडे विकू नयेत. ड्रॅगन फ्रूटचे उलटे आहे. सांगली-सोलापूरच्या कोरड्या हवेत ते नांदते, आपल्या पावसात त्याच्या खोडाला कुज लागते. अ‍ॅव्होकॅडोच्या मुळांशी पाणी साचले की झाडाची आशा सोडावी.

रोपांचे म्हणाल, तर रामबुटान आणि मँगोस्टीन या दोघांना एकच नियम लागत नाही. रामबुटानच्या बियांपासून केलेल्या रोपांत बरीच नर निघतात, तेव्हा डोळा भरलेले कलमच घ्यावे. मँगोस्टीनची बी परागीकरणाशिवाय तयार होते, त्यामुळे रोप आईसारखेच निघते, ते चालते. मात्र बी ताजी पेरावी लागते आणि फळाला आठ-दहा वर्षे थांबावे लागते. हे गिऱ्हाइकाला सांगितले नाही, तर दहा वर्षांनी तो आपल्याला शिव्या देईल आणि त्या योग्यच असतील.

मँगोस्टीनचा भाऊबंद तर आपल्या दारातच उभा आहे. कोकम त्याच कुळातले. त्याच्या बियांच्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि ते फुलोरा आल्यावरच कळते. मादी झाडाच्या उभ्या वाढणाऱ्या फांदीची काडी घेऊन केलेले कलम हा त्यावरचा उपाय. कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ जात आहे, २०१६मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही अनेक बागांत कोकम आपसूक उगवलेलेच असते. बिंबली, जाम यांच्या चांगल्या झाडांची निवड तर अजून नीट झालेली दिसत नाही. नवलाईच हवी असेल, तर तीही इथेच भरपूर आहे.

म्हणून रोपवाटिकाधारकांना आमचे सांगणे असे. परदेशी फळाच्या प्रत्येक पिशवीवर चार गोष्टी लिहा : मातृवृक्ष कुठला, रोप की कलम, उन्हाळ्यात पाणी किती, फळ कितव्या वर्षी. गिऱ्हाईक शंभर मागू लागले, तर आधी पाच द्या. ती माडाच्या बागेत लावू द्या, पहिले फळ घरच्यांना खाऊ द्या. त्यानंतर तो पुन्हा आला, तर शंभर खुशाल द्या. एका हंगामाची विक्री घटेल, पण पुढच्या पिढीचे गिऱ्हाईक टिकेल.